पुढच्या सोळा खुर्च्या

सोमवार, ९ सप्टेंबर २०२४. ओहेअर विमानतळ, शिकागो

दीड दिवसाच्या गणपतीचं काल संध्याकाळी घरच्याच टबात विसर्जन झालं आणि आज पहाटे पाचला मी गेटवर हजर. बॅगेत लॅपटॉपशेजारी तळणीच्या मोदकांचा डबा. उकडीचे ह्यूस्टनपर्यंत टिकत नाहीत.

गेटवरच्या पडद्यावर अपग्रेडची यादी झळकते आहे. आडनावाची पहिली तीन अक्षरं आणि नावाचं पहिलं. ज्यांना फर्स्ट क्लासची सीट मिळाली त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण, बाकीचे खाली ताटकळत. मी सातवा, शिल्लक सीट दोन. यादीकडे बघतोय असं कोणीच दाखवत नाही, पण कॉफीचा घोट घेताना सगळ्यांचे डोळे तिकडेच वळतात.

सुट्टीत साताऱ्याला गेलो की मेव्हणे हमखास विचारतात, "काउंटरवर ओळख काढता का? कोटबिट घालून गेलं तर देतात म्हणे." मी त्यांना रेल्वेच्या वेटिंग लिस्टचा दाखला देतो. चार्ट लागेपर्यंत नंबर वर सरकतो, नाहीतर जागच्या जागी राहतो. गोड बोलून तो हलत नाही. इथे गेटवरच्या बाईंच्या हातात फारसं काही नसतं, क्रम संगणक लावतो. आधी स्टेटसची, म्हणजे एअरलाइनने नेहमीच्या प्रवाशाला दिलेल्या दर्जाची, पायरी बघतात. पायरी सारखी असेल तर प्रत्येक एअरलाइनचा पुढचा निकष वेगळा. डेल्टा तिकीट किती महागाच्या वर्गातलं आहे ते बघते, अमेरिकन एअरलाइन्स मागच्या बारा महिन्यांत जमवलेले लॉयल्टी पॉइंट मोजते.

सीट वाटायला सुरुवातही पायरीप्रमाणेच होते. अमेरिकनमध्ये सर्वांत वरच्या एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनमवाल्यांना विमान सुटायच्या १०० तास आधीपासून सीट मिळू लागतात. त्यांच्याखालच्या प्लॅटिनम प्रोवाल्यांना ७२ तास, प्लॅटिनमवाल्यांना ४८ आणि गोल्डवाल्यांना २४ तास आधी. म्हणजे गोल्डवाला यादीत शिरतो तेव्हा वरच्या तिघांची जेवणं उरकलेली असतात.

आणि सोमवारी पहाटेच्या विमानात वरच्या पायरीवालेच जास्त. पाठीवर कंपनीचं नाव छापलेली सॅक, इस्त्रीचा निळा शर्ट, डोळ्यांत झोप. सगळे कन्सल्टंट, सगळे माझेच भाऊबंद. त्यामुळेच कोणाला काही मिळत नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर. ह्यूस्टन

परतीची गुरुवार संध्याकाळ सोमवारपेक्षा वाईट. सोमवारी निघालेले सगळे आज एकदम घरी निघतात.

बसल्या बसल्या हिशेब मांडला. देशांतर्गत मार्गांवर सर्रास दिसणारं बोइंग ७३७-८०० घ्या. अमेरिकन एअरलाइन्सच्या या विमानात १७२ सीट, त्यांतल्या पुढच्या १६ फर्स्ट क्लासच्या. या सोळांपैकी बऱ्याचशा आधीच रोख विकल्या जातात. काही ठिकाणी कामावर निघालेले पायलट बसतात. उरतात त्या आम्हाला. एम्ब्रेअर १७५ या छोट्या जेटमध्ये साधारण १२, आणि ५० सीटच्या जुन्या जेटमध्ये फर्स्ट क्लासच नसतो. साउथवेस्टकडे तर कुठल्याच विमानात नाही. म्हणून तिकीट काढताना मी वेळेच्या आधी विमान कुठलं आहे ते बघतो.

दुपारी चेक-इन करताना ॲपने विचारलं होतं : ८९ डॉलर भरता का, पुढची सीट देतो. नाही म्हटलं. तासाभराने तीच सीट नकाशावर भरलेली दिसली. आमच्या ऑफिसातले जुने लोक सांगतात की पूर्वी पुढच्या सीटला गिऱ्हाईकच नसायचं. तिकीट महाग, घेणार कोण? त्यामुळे नेहमीच्या प्रवाशांना खूश ठेवायला त्या वाटून टाकत. आता ॲप शेवटच्या तासापर्यंत किंमत कमी-जास्त करत ती सीट विकत राहतं. फुकट मिळते ती विकता न आलेली.

यादीत नववा. मधल्या सीटवर बसून घरी आलो.

बुधवार, १८ सप्टेंबर. ह्यूस्टन, हॉटेल

जेवताना टीममधल्या नव्या मुलाने विचारलं, "सर, हे स्टेटसचं प्रकरण सुरू कधी झालं?" तो पुण्याचा, कंपनीने नुकताच इकडे पाठवलेला. एका एअरलाइनला धरून राहायचं की स्वस्त दिसेल त्याने जायचं, हा त्याचा खरा प्रश्न.

त्याला १९७८ पासून सांगावं लागलं. तोपर्यंत अमेरिकेत विमानाचं भाडं आणि मार्ग सरकारी मंडळ ठरवत असे. त्या वर्षीच्या कायद्याने ते बंधन उठायला लागलं आणि कंपन्यांमध्ये भाडी पाडण्याची चुरस लागली. मग गिऱ्हाईक टिकवायचं कसं? १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशांसाठी 'ॲडव्हांटेज' योजना काढली. पहिले सभासद शोधायला त्यांनी आपल्या 'सेबर' या बुकिंग यंत्रणेत पुन्हा पुन्हा येणारे फोन नंबर धुंडाळले. युनायटेडची योजना त्यानंतर आठवड्याभरात आली. तेव्हा मोजमाप मैलांचं होतं : जितका लांब उडाल तितकी पायरी वर. वर्षअखेर पायरी हुकत असेल तर लोक कामाशिवाय लांबवर जाऊन त्याच दिवशी परत यायचे.

आता मैल गेले, डॉलर आले. डेल्टाने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलं की २०२४ पासून पायरी फक्त खर्चावर ठरेल आणि सर्वांत वरच्या डायमंडसाठी ३५,००० डॉलरचा खर्च लागेल. प्रवासी इतके भडकले की डेल्टाचे प्रमुख एड बास्टियन यांना आपण जरा जास्तच पुढे गेलो असं कबूल करावं लागलं. ऑक्टोबरमध्ये आकडा २८,००० वर आला. डॉलर मोजायचं तत्त्व मात्र तसंच राहिलं.

मुलगा म्हणाला, "म्हणजे स्वस्त तिकीट शोधणारा मूर्ख?" मी म्हटलं, तिकिटाचे पैसे कोण देतं त्यावर आहे.

मंगळवार, २४ सप्टेंबर. ओहेअर

आज गंमत झाली. माझं आडनाव पाटील. पडद्यावर नाव आलं, खूण झाली, मी बॅग उचलली. शेजारचे एक गृहस्थही उठले. ते पटेल. रोमन लिपीत दोघांची पहिली तीन अक्षरं एकच, नावाचं आद्याक्षरही 'एस'. दोघांनी एकदमच फोन काढले. सीट त्यांची होती.

बोर्डिंगला उशीर होता, म्हणून बोलत बसलो. त्यांचं औषधांचं दुकान. वर्षातून मोजके प्रवास करतात, तेही बहुतेक लग्नकार्यासाठी. मग माझ्या वर कसे? दुकानाचा सगळा माल ते एअरलाइनच्या क्रेडिट कार्डावर उचलतात. कार्डाचा खर्चही पायरीसाठी धरायची ही पद्धत आता मुरली आहे. अमेरिकन एअरलाइन्समध्ये २०२२ पासून त्यांच्या कार्डावरच्या प्रत्येक डॉलरला एक लॉयल्टी पॉइंट मिळतो. गोल्डला ४०,००० पॉइंट लागतात, एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनमला २,००,०००. तिकिटाच्या भाड्यावर साध्या सभासदाला डॉलरमागे पाच पॉइंट आणि सर्वांत वरच्याला अकरा. वर गेलेल्याला वर राहणं सोपं.

पटेलभाईंनी जाता जाता सल्ला दिला : "घरचा किराणा, मुलाची फी, सगळं कार्डावर टाका." मी मान डोलावली. फी कार्डाने भरली की वर टक्केवारी लावतात, हे त्यांना ठाऊक असणारच. त्यांचा हिशेब दुकानदाराचा, मी पगारदार.

शनिवार, ५ ऑक्टोबर. डेन्व्हर

आई साताऱ्याहून आली आहे. तिला कोलोरॅडोतली पिवळी झाडं दाखवायला निघालो. तिचं तिकीट माझ्याच बुकिंगवर काढलं, कारण सोबत्यालाही माझ्याच क्रमाने अपग्रेड मिळू शकतं. यात एक मेख आहे. दोघं एका बुकिंगवर असताना सीट एकच उरली, तर यंत्रणा दोघांनाही ओलांडून पुढच्या माणसाला देऊ शकते. त्या वेळी गेटवर जाऊन बुकिंग वेगवेगळं करून घ्यावं लागतं. आज तशी वेळ आली नाही. शनिवारी सकाळी कन्सल्टंट झोपलेले असतात. विमानात पोरंबाळं, आजी-आजोबा, स्कीचं दुकान बघायला निघालेली तरुण मंडळी. यादीत आम्ही दोघंच वर होतो आणि कालच दोन्ही सीट मिळाल्या.

आई रुंद खुर्चीत मांडी घालून बसली. हवाईसुंदरीने नाश्त्याचा ट्रे आणला : अंड्याचं ऑम्लेट, सॉसेज, ब्रेड, वाटीभर फळं. नवरात्र चालू आहे, आईचे नऊ दिवस उपास. "बाई गं, मला काही नको," ती मराठीतच म्हणाली. मी इंग्रजीत समजावलं. फळांची वाटी तेवढी ठेवून घेतली. त्यातली द्राक्षं तिने खाल्ली, खरबूज मला दिलं. मग पर्समधून राजगिऱ्याचा लाडू काढला आणि अर्धा हवाईसुंदरीपुढे धरला. तिने तो घेतला आणि पडद्यामागे जाऊन खाल्लासुद्धा.

"याचे जास्तीचे किती पडले?" आईने विचारलं. काहीच नाही म्हटल्यावर तिचा विश्वास बसेना. "फुकट कोण देतं? कोणीतरी भरले असतीलच."

मंगळवार, २२ ऑक्टोबर. ह्यूस्टन

आईचं वाक्य डोक्यातून जात नाही. माझ्या फेऱ्यांचे पैसे भरतो ह्यूस्टनचा क्लायंट. त्यांच्या नियमात इकॉनॉमीचंच तिकीट बसतं, पण कुठल्या एअरलाइनचं आणि कितीचं, यात मला बरीच मोकळीक आहे. चाळीस-पन्नास डॉलर महाग विमान घेतलं तरी कोणी हटकत नाही. ते पैसे क्लायंटच्या खात्यातून जातात, त्यांवरचे पॉइंट माझ्या नावावर जमतात आणि पुढची सीट मला मिळते. ही योजना सामान्य प्रवाशाला लुभावण्यासाठी नाहीच. तिकीट निवडणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, या फटीत ती चाळीस वर्षं पोसली गेली आहे.

सरकारलाही हे कळलं होतं. अमेरिकी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना सरकारी प्रवासाचे मैल स्वतःसाठी वापरता येत नसत. २००१ च्या अखेरीस कायद्याने ती मुभा दिली. २००२ मध्ये आयकर खात्याने जाहीर केलं की कामाच्या प्रवासातले मैल स्वतःसाठी वापरले म्हणून आम्ही कर मागणार नाही. मोजदाद कशी करायची हाच घोळ होता. त्यामुळे पगाराबाहेरचा हा पगार बिनबोभाट चालू राहिला.

क्लायंटकडच्या हिशेबनीस बाई आज हसत म्हणाल्या की तुम्ही सगळे एकाच एअरलाइनने कसे येता? उत्तर त्यांना माहीत होतं. त्याही तिनेच जातात.

गुरुवार, ७ नोव्हेंबर. शिकागो

डिसेंबरात सहकुटुंब ऑर्लँडोला जायचंय. रात्री बायकोबरोबर तिकिटं काढली. माझ्या एअरलाइनचं तिकीट माणशी साठ डॉलर महाग. "तुझं स्टेटस आहे ना?" ती म्हणाली. म्हटलं, सुट्टीच्या हंगामात पुढच्या सीट आधीच विकल्या जातात, आणि एका तिकिटावर एकच सोबती. मुलं मागे कोणाजवळ बसतील? दुसऱ्या कंपनीची स्वस्त, सरळ जाणारी चार तिकिटं काढली. पुढची सीट हवी का, असं त्या ॲपनेही विचारलं. आम्ही किंमतसुद्धा पुरती वाचली नाही.

मग पुण्याच्या मुलाला कबूल केलेली टिपणं लिहून पाठवली :

सोमवार पहाट आणि गुरुवार संध्याकाळ टाळता आली तर टाळ. मंगळवारी, बुधवारी दुपारी आणि शनिवारी यादी छोटी असते.

विमान बघून तिकीट काढ, फर्स्टच्या सीट मोजून घे. नकाशावर सीट रिकामी दिसली म्हणून ती तुझीच असं नाही.

डेल्टा आणि युनायटेडच्या बेसिक इकॉनॉमीवर अपग्रेड मिळत नाही. वीस डॉलर वाचवायला जाशील आणि यादीतूनच बाहेर पडशील.

नेवार्कहून लॉस एंजेलिस किंवा सॅन फ्रान्सिस्कोला जाताना युनायटेड फुकट अपग्रेड देत नाही. तिथे झोपता येणाऱ्या सीट आहेत, त्यांना गिऱ्हाईक भरपूर.

हवा बिघडली की गेट सोडू नकोस. कोणाचं जोडविमान चुकलं की त्याची पुढची सीट शेवटच्या अर्ध्या तासात मोकळी होते, आणि ती घ्यायला माणूस समोर लागतो.

खिडकीजवळची किंवा कडेची चांगली सीट आधीच धरून ठेव. अपग्रेडच्या भरवशावर मधली सीट घेणारे दर गुरुवारी बघतोस.

हे सगळं कंपनीच्या तिकिटापुरतं. स्वतःच्या पैशाने जाशील तेव्हा स्टेटस विसर. सरळ जाणारं, सोयीच्या वेळेचं, स्वस्त विमान घे, आणि पाय लांब करायचेच असतील तर शेवटच्या दिवशी ॲप किती मागतं ते बघून रोख भर. तेवढी किंमत द्यावीशी वाटली नाही, तर तुला ती सीट नकोच होती.