दोरीच्या अलीकडे

‘बर्फ है क्या, भाईजान?’

२०२४चा अख्खा जानेवारी मी दात घासायच्याही आधी गुलमर्गच्या आमच्या हॉटेलवाल्याला हा एकच मेसेज पाठवत होते. त्याचं उत्तरही ठरलेलं. ‘इन्शाल्ला, अगले हफ्ते.’ सोबत फोटो यायचा तो पिवळट गवताचा! काश्मिरात २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस म्हणजे ‘चिल्लई कलान’, ऐन कडाक्याच्या थंडीचे. नेमक्या त्याच दिवसांत गुलमर्ग ठणठणीत कोरडं. आणि इकडे पुण्यात आमची सहा जणांची विमानाची तिकिटं काढून झालेली, सुट्ट्या मंजूर झालेल्या, आणि ‘आम्ही ना, यंदा स्नोबोर्डिंगला चाललोय’ असं ऑफिसात मिरवूनही झालेलं.

आमचा ग्रुप म्हणजे एक सीए, एक डेंटिस्ट, दोन सॉफ्टवेअरवाले, एक आर्किटेक्ट आणि मी. सगळे मूळचे ट्रेकवाले. लोहगड, राजमाची, पावसात भिजणं, टपरीवरची भजी वगैरे. तीन वर्षांपूर्वी मनालीजवळ सोलंगच्या उतारावर भाड्याच्या बोर्डवर पहिल्यांदा सणसणीत आपटलो आणि तेव्हापासून हे वेड लागलं. पण तिकडे बोर्डसाठी एखाद-दुसरा दिवस मिळायचा. बाकीचा वेळ मॉल रोड, शाली आणि घरच्यांचे फोटो. या वेळी सलग चार दिवस, नवा डोंगर आणि फक्त बोर्ड, असं ठरलं होतं.

‘पडायलाच जायचंय ना? मग एवढा खर्च कशाला?’ आई म्हणाली. ‘बाथरूममध्ये साबण टाकून ठेवते.’

जानेवारी सरता सरता आभाळ भरून आलं. फेब्रुवारी उजाडला आणि हॉटेलवाल्याचा फोटो आला. त्यात हॉटेलच दिसत नव्हतं. नुसतं पांढरं!

क्रिकेटचं किट?

श्रीनगरहून गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. टंगमर्गपर्यंत साधी गाडी आली, पुढचे १३ किलोमीटर चढाचे. तिथे टायरना साखळ्या बांधलेली गाडी घ्यावी लागली. आमच्या लांबलचक बॅगा टपावर चढवताना ड्रायव्हरने विचारलं, ‘क्रिकेट का किट है?’ स्नोबोर्ड म्हटल्यावर त्याने आमच्याकडे आणि विशेषतः सीएच्या पोटाकडे बघून घेतलं, आणि ‘अच्छा’ म्हणाला. तो ‘अच्छा’ आम्हाला पुढचे चार दिवस पुरला.

वर पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती. देवदारांच्या फांद्या बर्फाने वाकलेल्या. टेकाडावरच्या शिवमंदिराचं लाल छप्पर अर्धं पांढरं. ‘आप की कसम’मधल्या (१९७४) गाण्यामुळे अख्ख्या देशाला पाठ असलेलं हे देऊळ. आम्ही तिथे सहा जणांचा फोटो काढला. त्याच वर्षी जूनमध्ये ते लाकडी देऊळ आगीत जळालं. आता तो फोटो बघताना आमच्या चेहऱ्यांपेक्षा मागचं छप्परच जास्त दिसतं.

सोलंगचे हिरो, गुलमर्गचे झीरो

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही फुल टू स्टाइलमध्ये बाहेर पडलो. गॉगल, हेल्मेट, सगळं मॅचिंग. पहिल्या अर्ध्या तासात लक्षात आलं, की गुलमर्ग म्हणजे मुळात एक मोठ्ठं कुरण आहे. उन्हाळ्यात इथे गोल्फ खेळतात. म्हणजे पायथा सपाट! स्कीवाल्यांच्या हातात काठ्या असतात, ते सपाटीवरही ढकलत पुढे जातात. आमचे दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. वेग संपला की आम्ही जागच्या जागी पुतळे. मग मागचा पाय सोडायचा आणि लंगडी घालत निघायचं. शाळेत लंगडीत कायम आऊट होणारी मी, चक्क तिशीत त्याचा सराव करत होते. शेजारून सात-आठ वर्षांची स्थानिक पोरं जुनाट स्कीवरून सुसाट जात होती. एकाने जाता जाता ‘गुड जॉब, दीदी!’ म्हणून माझी पार काढली.

आमचा गाइड जन्माने टंगमर्गचा. आम्ही त्याला ‘उस्ताद’ म्हणायचो. त्याने आमची एकेक चक्कर शांतपणे बघितली आणि निकाल दिला. ‘आप लोग गिरते अच्छा हो. अब रुकना सीखो.’

हा पुढे लक्षात ठेवण्यासारखा सल्ला निघाला.

आठ फेब्रुवारी

गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांत वर जातो. १९९८मध्ये सुरू झालेला पहिला टप्पा सुमारे २,६५० मीटरवरून कोंगडूरीपर्यंत, साधारण ३,०५० मीटर. २००५मध्ये सुरू झालेला दुसरा अफरवटच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटरवर. जगातल्या सर्वांत उंच गोंडोलांपैकी हा एक. खरा माल वर. पण दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे दुसरा टप्पा बंद! आम्ही तोंडं पाडून कहवा पीत बसलो, तर उस्ताद म्हणाला, चला, आज शाळा.

तारीख होती ८ फेब्रुवारी. बरोबर १४ वर्षांपूर्वी, ८ फेब्रुवारी २०१० रोजी इथेच खिलनमर्गला लष्कराच्या हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलच्या प्रशिक्षण तुकडीवर हिमस्खलन कोसळलं आणि १७ जवान गेले. आदल्याच वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ला, अफरवटच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर गेले होते. उस्तादने हे सगळं एखाद्या पोस्टमनसारखं सांगितलं, आवाज न चढवता. मग बर्फात फावड्याने उभा खड्डा खणून त्याची भिंत दाखवली. वर हातभर नवा, घट्ट बसलेला बर्फ. खाली जुना पातळ थर, तो बोटांनी चोळला तर साखरेसारखा भुरभुर गळतो. कोरड्या जानेवारीची ही देणगी. उघड्या थंडीत पातळ बर्फाचे असे सुटे दाणे होतात, एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नव्या बर्फाची लादी. ‘शक्कर पे संगमरवर,’ उस्ताद म्हणाला. वरून एक माणूस गेला तरी लादी सुटू शकते.

मग बीकन. जॅकेटच्या आत बांधायचं हे यंत्र सतत सिग्नल सोडत असतं. कुणी गाडलं गेलं, की बाकीच्यांनी आपापलं यंत्र शोधायच्या मोडवर टाकायचं आणि आकडे कमी कमी होत जातील तिकडे जायचं. नंतर लांब सळईने टोचून बघायचं, मग फावडं. उस्तादने एक जादा बीकन पिशवीत घालून पुरलं. आम्हाला सापडायला २१ मिनिटं लागली. डेंटिस्टने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, ‘अरे, पहिली दहा-पंधरा मिनिटंच महत्त्वाची असतात. पेशंट गेला आपला.’ कुणी हसलं नाही. चौथ्या वेळी सहा मिनिटांवर आलो.

त्या रात्री बुखारीभोवती बसून आम्ही एक नियम केला. गोंडोलाखालचा मधला मोठा उतार, ज्याला इथे बोल म्हणतात, तो पेट्रोलवाले तपासतात आणि स्फोट करून धोक्याचा बर्फ आधीच पाडतात. त्याच्या दोरीपलीकडे जायचं असेल, तर सहाच्या सहा जणांचं ‘हो’ हवं. एक ‘नाही’ म्हणजे नाही, आणि कारण विचारायचं नाही. सीएनेच सुचवलं होतं हे. कागदावर लिहून सह्यासुद्धा घेतल्यान् त्याने!

वर

नऊ तारखेला दुसरा टप्पा उघडला. केबिनचं दार उघडलं आणि थंडीने कानफटात मारली. समोर पीर पंजालच्या रांगा, आणि उत्तरेला लांब, सगळ्यांपासून फटकून उभा नंगा पर्वत, ८,१२६ मीटर. ताबारेषा इथून फार लांब नाही. बंदूकधारी जवान तितक्याच थंडीत उभे, आणि त्यांच्या शेजारी गुलाबी जॅकेटमध्ये सेल्फी काढणारे हनिमूनवाले!

मी बोर्ड बांधला आणि खाली बघितलं. पोटात गोळा. मग उस्तादच्या मागे सुटले. पहिली तीन वळणं भीतीची होती. चौथ्या वळणाला बोर्डखालचा आवाजच बंद झाला. भुसभुशीत बर्फात फळीचा खरखराट नसतो. नुसतं फसफस, चहात बिस्कीट बुडवल्यासारखं. वजन जरा मागच्या पायावर, गुडघे सैल, आणि आपण चक्क तरंगतोय! महिनाअखेरचे रिपोर्ट, ईएमआय, वाकडचं ट्रॅफिक, सगळं कुठल्या कुठे. मग अर्थातच तोंडावर आपटले. तोंडभर बर्फ, आणि तरी मी हसत होते.

त्या दिवशी आम्ही पाच चकरा मारल्या. सगळ्यांत झकास कोण? आमचा सीए. पोट वगैरे सगळं विसरा. तो वरून यायचा तो रेषा ओढल्यासारखा.

एक ‘नाही’

शेवटचा दिवस. आकाश निळंशार. बोलमध्ये आता जागोजागी वळणांचे ओरखडे, बर्फ तुडवलेला. आणि दोरीच्या पलीकडे एक उतार, अगदी कोरा. इस्त्री केलेल्या चादरीसारखा. आमच्या डोळ्यांदेखत चार परदेशी स्कीअर पलीकडे गेले आणि ओरडत, हसत खाली उतरले.

सीए उस्तादकडे वळला. ‘चलें?’

उस्तादने उताराकडे बराच वेळ बघितलं. ‘आज नहीं.’

सीएने खिशात हात घातला. जादाचे पैसे देतो म्हणाला. त्यात वाईट हेतू नव्हता, खरंच नव्हता. पण मला आदल्या रात्रीचं आठवलं. बुखारीत लाकूड सारताना उस्ताद सहज बोलून गेला होता, की जानेवारीत त्याला एका दिवसाचंही काम मिळालं नव्हतं. स्लेजवाले, घोडेवाले, सगळ्यांचीच तीच गत. आणि तो माणूस समोरच्या नोटांना ‘आज नहीं’ म्हणत होता.

‘ते चौघं गेले ना आत्ताच!’ एक सॉफ्टवेअरवाला म्हणाला. ‘उद्या संध्याकाळी पुण्यात असू आपण. परत कधी?’

चार जण ‘हो’ म्हणाले. आर्किटेक्ट ‘हो’ म्हणता म्हणता माझ्याकडे बघत राहिला. खरं सांगू? मलाही जायचं होतं. गळ्यापर्यंत जायचं होतं. आणि ‘नाही’ म्हणायची भीती वाटत होती ती वेगळीच. ग्रुपमध्ये सगळ्यांत हळू मीच. ‘हिला जमत नाही म्हणून आम्ही नाही गेलो’ हे वाक्य मला आयुष्यभर ऐकायचं नव्हतं. बर्फाखाली जाण्यापेक्षा मला त्या वाक्याची जास्त धास्ती होती, हे आज लिहिताना लाज वाटते. पण तसंच होतं.

‘माझं नाही,’ मी म्हणाले.

कुणी कारण विचारलं नाही. नियम होता ना. सीएने नुसता गॉगल खाली ओढला आणि आमच्यासाठी न थांबता बोलमधून निघून गेला.

जेवताना रोगनजोशवर नुसते चमच्यांचे आवाज. नंतर डेंटिस्ट माझ्या खोलीत आली. ‘थँक्स,’ म्हणाली. ‘मी हो म्हटलं होतं, पण पाय लटपटत होते माझे.’ मग सकाळीच का नाही बोललीस बाई? पण मी ते विचारलं नाही. का बोलली नाही ते मला चांगलंच माहीत होतं.

त्या दिवशी त्या उतारावर काहीही झालं नाही. संध्याकाळपर्यंत आणखी कितीतरी जण तिथून उतरले असतील. परतीच्या विमानात सीए खिडकीकडे तोंड करून झोपला, किंवा तसं दाखवत होता.

नंतर

२२ फेब्रुवारीला ऑफिसात बातमी वाचली. गुलमर्गला हिमस्खलन, एका रशियन स्कीअरचा मृत्यू. मी आधी उस्तादला फोन लावला. तो ठीक होता. आमचा दिवस वेगळा होता, उतार वेगळा होता, मधल्या काळात नवा बर्फही पडून गेला होता. त्यामुळे ‘बघ, मी म्हणाले नव्हते?’ असं म्हणायची काही सोय नव्हती. आणि खरं तर इच्छाही नव्हती.

रात्री ग्रुपवर सीएचा मेसेज आला. एक फोटो. आमच्या सहा सह्यांचा तो चुरगळलेला कागद. त्याने तो जपून ठेवला होता. खाली एकच ओळ : ‘पुढच्या वर्षी नवीन कागद आणू नका. हाच चालेल.’

आईला फोटो दाखवला. ती म्हणाली, ‘पडलीस किती वेळा?’

मोजलं नाही, म्हटलं. पण थांबायला शिकले.

जायचं असेल तर...

• हंगाम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत. बर्फाची हमी कुणीच देत नाही. जानेवारी २०२४ आठवा आणि शक्यतो तारखा बदलता येतील अशी तिकिटं काढा.

• गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन, आधीच काढा. वारा असेल तर दुसरा टप्पा बंद राहतो, एखादा दिवस जादा धरा.

• बोर्ड, बूट गुलमर्गलाच भाड्याने मिळतात. अगदी नवखे असाल तर तिथल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंगच्या कोर्सची चौकशी करा.

• बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम काश्मिरात चालत नाही. पोस्टपेड घ्या, नाहीतर घरचे हवालदिल!

• २२ एप्रिल २०२५च्या पहलगाम हल्ल्यानंतर काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळं काही काळ बंद होती. बुकिंगआधी ताजी परिस्थिती विचारून घ्या.

• दोरीपलीकडे बीकन, सळई, फावडं आणि स्थानिक गाइड याशिवाय पाऊल नाही. आणि गाइड ‘आज नहीं’ म्हणाला, तर खिशात हात घालू नका.