आवडीचा वारसा

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात साखरा हे गाव आहे. अशा गावात घरातील वडीलधारे माणूस निवर्तले की शेताची वाटणी होते, भांडी मोजली जातात, दागिने तोलले जातात. मग माळ्यावरची पेटी उघडते. तीत चार कवितासंग्रह, जुन्या दिनदर्शिकांतून कापून ठेवलेली चित्रे आणि वहीत दाबून वाळवलेली पाने निघतात, तेव्हा सारे घर गप्प होते. ती पाने कोणत्या झाडाची, त्या चित्रात काय भावले होते, अमुक कवितेपाशी कोपरा कशासाठी दुमडला होता, हे सांगणारे कोणी उरलेले नसते. पुस्तके रद्दीत जातात. यात मुलांचा दोष नाही. त्यांच्या हाती वस्तू आली. आवड आलीच नव्हती.

विद्या दिल्याने वाढते, हे सर्वांना पाठ असते. आवडीबाबत मात्र माणूस संकोचतो. पाऊस, कापसाचा भाव, हळदीचे पीक यांच्या गोष्टी पारावर मोकळेपणाने होतात; तेथे कवितेचे नाव काढले तर लोक हसतील, असे त्याला वाटते. म्हणून तो रात्री एकटाच वाचतो आणि पुस्तक मिटून पेटीत ठेवतो.

जैन परंपरेने चतुर्विध दानात आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीने शास्त्रदानाला स्थान दिले, त्यामागे मोठी दृष्टी होती. श्रावक स्वखर्चाने पोथ्या लिहवून घेत आणि मंदिरात अर्पण करीत. हिंगोलीला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्यात कारंजा आहे. तेथील ग्रंथभांडारांत दहाव्या शतकातील महाकवी पुष्पदंतांची अपभ्रंश काव्ये वेष्टनात बांधलेली होती. विसाव्या शतकात डॉ. हिरालाल जैन यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या पोथ्या उलगडल्या. कारंजाहून १९३१ साली ‘जसहरचरिउ’ आणि १९३३ साली ‘णायकुमारचरिउ’ छापून आले, तेव्हा ते काव्य पुन्हा वाचकांचे झाले. वेष्टनाने पोथी जपली होती. तिला वाचक मिळाले ते वेष्टन सुटल्यावर.

चित्राची आवडही अशीच हातोहात पुढे जाते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम १८४४ साली रॉबर्ट गिल यांच्याकडे आले. त्यांनी त्यात अनेक वर्षे घालवली. पुढे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६ साली आग लागली आणि तेथे मांडलेल्या त्यांच्या बहुतेक प्रतिकृती भस्मसात झाल्या. तरी ते वेड जळाले नाही. अजिंठ्याच्याच परिसरातील पळसखेडचे शेतकरी कवी ना. धों. महानोर यांनी गिल आणि पारो यांच्यावर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिले. अनाम चित्रकारांकडून गिलकडे, गिलकडून कवीकडे आणि कवीकडून वाचकाकडे एकच ओढ वाहत आली. त्याच महानोरांनी १९६७ च्या ‘रानातल्या कविता’मधून आपले शिवारही मराठी वाचकाच्या हाती दिले.

निसर्ग तर कोणाच्या पेटीत मावतच नाही. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’मध्ये बारा महिन्यांची झाडे, फुले आणि आभाळ यांचे आपले निरीक्षण वाचकांसमोर मोकळे केले. १९५६ साली निघालेले ते पुस्तक वाचून अनेकांना आपल्याच अंगणातले झाड नव्याने दिसले. साखऱ्याच्या शिवारातही फाल्गुनात पळस फुलतो, आषाढात काळ्या मातीचा रंग पालटतो. आजोबांनी नातवाला बांधावर नेऊन “हे बघ” एवढे म्हटले, तरी दान पुरे होते. पुढचे पाहणे नातू करतो.

मात्र दान देणाऱ्याने एक पथ्य पाळावे. आवड सांगताना उपदेश आला की ऐकणारा उठून जातो. अख्खे पुस्तक वाचण्याचा आग्रह धरण्यापेक्षा एक पान मोठ्याने वाचून दाखवावे. नातीने मोबाईलवर एखादे चित्र दाखवले, तर चष्मा लावून तेही तितक्याच कौतुकाने पाहावे, कारण वारसा खालून वरही चालतो.

ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, श्रुतपंचमीच्या दिवशी, घरोघरी ग्रंथांवरची धूळ पुसली जाते, त्यांना नवे वेष्टन चढते. त्याच दिवशी माळ्यावरची ती पेटीही खाली यावी. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर, नावाखाली, ते का आवडले हे दोन ओळींत लिहून ठेवावे. वाळलेल्या पानाशेजारी झाडाचे नाव आणि गाव टिपावे. मग एखादे पुस्तक शेजारच्या मुलाला द्यावे आणि आठ दिवसांनी ते परत मागण्याऐवजी त्यातले काय आवडले, एवढेच विचारावे.