भिडेचा सौदा

कोळणीपुढे बसून बोंबलांच्या वाट्यासाठी दहा रुपयांची घासाघीस करण्यात आम्हां वसईकरांचा हात कोणी धरणार नाही. तेच आम्ही मोटारीच्या शोरूममध्ये पाऊल टाकताच कमालीचे मवाळ होतो. आठ लाखांचा व्यवहार, आणि तोंडून शब्द फुटत नाही!

विक्रेता चतुर असतो हे खरे. परंतु त्याचे खरे भांडवल म्हणजे आमची भीड. तो 'अंकल' म्हणतो, चहा मागवतो, नातवंडांना स्टिअरिंगपाशी बसवून फोटो काढतो. दोन तास असे गेले की 'नको' म्हणणे आम्हांस कृतघ्नपणा वाटू लागते. मग ठेवणीतले वाक्य येते: ही सवलत आजच्यापुरतीच, हा रंग एकच शिल्लक, पाच हजार भरून ठेवा.

आमच्या धर्मग्रामातील एका निवृत्त शिक्षकांच्या पत्नीस आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी न्यावे लागते. रिक्षाचे हेलकावे तिला सोसवत नाहीत, म्हणून मोटार. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम मोजून त्यांनी साधे मॉडेल ठरविले होते. विक्रेत्याने वरचे मॉडेल दाखविले आणि म्हणाला, "आंटीसाठी एवढेही करणार नाही का?" प्रेमावर असा हात टाकला की भलेभले गारद होतात.

वरच्या पैशांसाठी कर्जाचा हप्ताही त्याने तयार ठेवला होता. येथे हिशेब पाहण्यासारखा आहे. सहा लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे १२,४५५ रुपये पडतो. सात वर्षांसाठी घेतले तर सुमारे ९,६५० रुपये. दुसरा आकडा कानास गोड लागतो, पण त्यापायी व्याज त्रेसष्ट हजारांहून अधिक जाते. विक्रेता महिन्याचा आकडा सांगतो. आपण एकूण रक्कम विचारावी.

गुरुजींनी एवढेच केले की सर्व आकडे कागदावर मागितले आणि पैसे न भरता घरी आले. बाईंनी चष्मा लावून तो कागद वाचला. ॲक्सेसरीजचा संच, वाढीव वॉरंटी, 'हँडलिंग चार्जेस'. एकेकावर पेन्सिल फिरली. विम्याचा आकडाही फुगलेला होता. नव्या मोटारीस तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. पण तो शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती कोणी करू शकत नाही. बाहेर चौकशी करताच तो कितीतरी स्वस्त मिळाला.

आणखी एक. वर्षअखेरीस मोठी सूट मिळते, तेव्हा मोटार कोणत्या महिन्यात तयार झाली हे जरूर पाहावे. जानेवारी उजाडताच ती कागदोपत्री एक वर्षाने जुनी होते, आणि पुढे विकताना ते वर्ष मोजले जाते. किमती जानेवारीत वाढतात हेही पुष्कळदा खरे असते. प्रत्येक धमकी खोटी नसते.

त्या तरुणाचा आम्हांस राग नाही. महिनाअखेरचे टार्गेट त्याच्याही मानेवर बसलेले असते, आणि असले काम करणारी मुले आपल्याही घरांत आहेत. गुरुजी बारा दिवसांनी त्याच्याकडेच गेले. साधेच मॉडेल घेतले, आणि 'आजच्यापुरती' सवलतही मिळाली.