लोण्याचं हवामान

पुण्यात विमाननगरच्या फिनिक्स मॉलमध्ये थिओब्रोमाच्या काचेपुढं उभ्या राहिल्यावर आत्याबाईंचा पहिला प्रश्न, "ह्याच्यात बिनअंड्याचं काय काय हाय?"

काउंटरवरचा पोरगा हसलाबिसला नाही. हा प्रश्न त्याला दिवसभर येतच असणार. त्यानं कुठं हिरवा ठिपका आहे आणि कुठं तपकिरी त्रिकोण, ते बोटानं दाखवलं. अंडं घातलेला पदार्थ आपल्याकडच्या नियमात मांसाहारात धरतात, म्हणून केकसुद्धा त्या त्रिकोणाखाली जातो. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी चुकवायची नाही, आणि केक मात्र जिवाभावाचा. यात काही विसंगत आहे असं त्यांना वाटत नाही, मलाही नाही. आमच्या नांदेडला आणि माझ्या माहेरी लातूरला वाढदिवसाचा केक मागितला की बहुतेक दुकानदार एगलेसच समजून बांधून देतात. अंड्याचा हवा असेल तर तसं मुद्दाम सांगावं लागतं.

पोरगी खराडीत नोकरीला. तिच्याकडं निघालो की आम्ही नांदेडहून पनवेल एक्स्प्रेसनं येतो. माझं माहेर वाटेत रात्री मागं पडतं. या खेपेला पोरगीनंच ठरवलं होतं की आजीला "खरी पेस्ट्री" खायला घालायची. ते "खरी" मला जरा खटकलं. पण तेव्हा काही बोलले नाही.

मराठवाड्यातलं माणूस मॉलमध्ये गेलं की सरकत्या जिन्याला कसं घाबरतं, यावर विनोदी लिहायची एक रीत आहे. आत्याबाई सरकत्या जिन्यावर माझ्या आधी चढल्या आणि वर पोचून माझी वाट बघत उभ्या राहिल्या. हैदराबाद आम्हाला पुण्यापेक्षा जवळ. लग्नाचा बस्ता, डोळ्यांचा डॉक्टर, सगळ्याला आम्ही तिकडं जातो, मॉल तिथंच बघून झालेले. लातुरात तर मल्टिप्लेक्स आलं आणि चौकालाच पीव्हीआर चौक नाव पडलं. तेव्हा एसी, काच आणि चकचकीत फरशी यांचं अप्रूप नव्हतं. अप्रूप होतं ते काचेआडच्या मालाचं.

पोरगीनं मागवलं ते असं: एक बटर क्रोसाँ, एक ऑपेरा पेस्ट्री, एक मावा केक आणि आजीसाठी बिनअंड्याची ब्राउनी. आमच्याकडच्या पाइनॅपल पेस्ट्रीच्या हिशेबानं एकेका तुकड्याच्या पैशात तीन-तीन आल्या असत्या. आत्याबाईंनी पाटीवरचा भाव वाचला, पण पैसे नात देणार होती, म्हणून गप्प राहिल्या.

ब्राउनीचा पहिला घास घेऊन त्या थांबल्या. "करपलंय का काय गं हे?"

"आजी, डार्क चॉकलेट आहे ते. कडसरच असतं."

"मंग साखर कुठं गेली?"

तरी त्यांनी ती पुरी संपवली, कागदाला चिकटलेलं बोटानं निपटून खाल्लं, आणि वर म्हणाल्या, "वाईट न्हाई. पर ह्याला गोड म्हणू नये." मला त्यांचं हे मत फार नेमकं वाटलं. पुरणपोळी आणि खव्याची पोळी यांवर वाढलेल्या जिभेला गोड म्हणजे गोडच लागतं. कडूपणाची किनार तिला पदार्थ बिघडल्यासारखी वाटते.

ब्राउनी ही या दुकानाची जुनी ओळख. २००४ साली कुलाबा कॉजवेवर कायनाझ आणि टीना या मेसमन घरातल्या दोन पारशी बहिणींनी हे सुरू केलं. कायनाझ उदयपूरच्या ओबेरॉय उदयविलासमध्ये पेस्ट्री शेफ होत्या. पाठीच्या दुखण्यानं हॉटेलातलं उभ्याचं काम सुटलं आणि त्यातून स्वतःचं दुकान निघालं. आई त्याआधीपासून घरी केक करून देत असे. म्हणजे मुळात हा घरगुती धंदाच, आमच्या गल्लीत बायका दिवाळीला चकल्यांच्या ऑर्डरी घेतात तसा. पुढं त्याच्या शहरोशहरी शाखा झाल्या.

मावा केकपाशी घोटाळा झाला. आत्याबाईंनी तो हुंगला आणि त्यांचा चेहराच बदलला. खवा! भूम, कुंथलगिरी हा खव्या-पेढ्याचा मुलूख आम्हाला काही लांब नाही, आणि त्या वासाला आत्याबाईंचं नाक चुकत नाही. पण मावा केक ही इराणी-पारशी बेकऱ्यांची चीज, त्यात अंडं आलंच. त्यांनी बशी माझ्याकडं सरकवली आणि मी खाईपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या. "कसाय?" मी म्हटलं, बरा आहे. तो बऱ्यापेक्षा खूप चांगला होता, वेलदोड्याचा, खाली जरा खरपूस. पण ज्याला खाता येत नाही त्याच्यापुढं वर्णन किती करायचं?

ऑपेराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बदामाच्या पातळ थरांत कॉफी आणि चॉकलेट, पट्टीनं आखल्यासारखं. खाण्यापेक्षा बघायला जास्त आवडलं.

क्रोसाँची गोष्ट मात्र वेगळी. मोडला तसा त्याचा चुरा माझ्या साडीवर पडला, आणि तोंडात गेल्यावर आधी काहीतरी फार ओळखीचं लागलं. मग कळलं, ही तर खारी. माझ्या लहानपणी गंजगोलाईतून वडील कागदाच्या पुड्यात खारी आणायचे. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, मधोमध जगदंबेचं देऊळ; त्यातल्या एका रस्त्यावर आमची ठरलेली बेकरी होती. क्रोसाँत खमीर असतं, खारीत नसतं. बाकी विद्या एकच. मैद्याच्या पोळीत चरबीची लादी गुंडाळायची, लाटायची, तिहेरी घडी घालायची, थंड करायची, पुन्हा लाटायची. तीन वेळा तिहेरी घडी घातली की चरबीचे सत्तावीस थर होतात. भट्टीत गेल्यावर पाण्याची वाफ होते, ती थर उचलते, आणि मधली चरबी त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. खारीसाठी घड्या आणखी जास्त. हात तोच, डोकं तेच.

मग चवीत एवढा फरक कशाचा? क्रोसाँत लोणी होतं. खारीत डालडा.

हा प्रश्न घेऊन मी नांदेडला परतल्यावर इतवाऱ्याकडच्या आमच्या बेकरीवाल्या चाचांकडं गेले. नांदेड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळं आमच्या बेकऱ्यांचं गोत पुण्या-मुंबईपेक्षा हैदराबादशी जुळतं: उस्मानिया बिस्किटं, टोस्ट, दिलपसंद, व्हेज पफ. चाचांचं वय आत्याबाईंच्या आसपास. आता काम पोरं बघतात, पण खारीची लाटण त्यांच्या नजरेखालीच होते. मी म्हटलं, चाचा, तुम्ही खारीत लोणी का नाही घालत?

"बाई, धूपकाले में मख्खन का काम नक्को बोलो. बेलते बेलते पानी हो जाता."

त्यांनी पुढं जे समजावलं त्यात मला माझ्या आयुष्यातल्या सगळ्या वाढदिवसांचा उलगडा झाला. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. नांदेडचा मे महिना ४२-४३ चा. त्यात भट्टीशेजारची खोली. मैद्याच्या पोळीत लोण्याची लादी ठेवली तर दुसऱ्या घडीला ती पिठात जिरून जाणार, थर राहणारच नाहीत, होईल ते जाड बिस्कीट. वनस्पती तुपाचा आणि खारीच्या मार्गरीनचा वितळबिंदू लोण्याच्या वर असतो. ते लाटणं सोसतं. तेवढ्यासाठीसुद्धा चाचांची माणसं पहाटे, हवा थंड असताना लाटायला बसतात. जे भट्टीपाशी उपयोगी, तेच जिभेवर आडवं येतं: लोणी तोंडाच्या उबेत विरघळून जातं, डालडा टाळूला चिकटून बसतो. चहात बुडवून खारी खायची आपली पद्धत मला आता फार शहाणपणाची वाटायला लागली आहे. गरम चहा तो थर धुऊन नेतो.

पेस्ट्रीवरच्या क्रीमचंही तेच. दुधाची मलई फेटून फुगवायची तर ती गार हवी आणि पुढंही गार राहायला हवी. जास्त फेटली तर लोणी सुटून येतं, हे आमच्या घरच्या रवीला माहीत आहे. उन्हात ठेवली तर बसते. म्हणून आमच्याकडं पेस्ट्रीवर असतं ते वनस्पती तेलाचं व्हिप क्रीम: गोठवलेल्या डब्यांत येतं, साखर आधीच घातलेली, फेटलं की तिपटीनं-चौपटीनं फुगतं, आणि फूल काढलं की फुलासारखं राहतं. वजिराबादेत केक घ्यायचा, मोटारसायकलवर मागं बसलेल्या बाईच्या मांडीवर डबा, गोदावरीचा पूल ओलांडून सिडकोपर्यंत भर दुपारी जायचं, घरी गेल्यावर पाहुणे यायची वाट बघायची, आणि त्यात लाइट गेलेली. भारनियमनाची वर्षं आठवून बघा. दुधाच्या मलईचा केक या प्रवासात कितपत तगला असता? चॉकलेटलाही तोच न्याय. कोकोचं लोणी ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून आमच्याकडच्या केकवरची चॉकलेटची जाळी कोकोच्या लोण्याची नसते, दुसऱ्या वनस्पती चरबीच्या कंपाउंडची असते.

मॉलातली पेस्ट्री मध्यवर्ती किचनमधून थंड गाडीत येते, थंड काचेआड बसते, आणि एसीत बसलेल्या माणसाच्या तोंडात जाते. तिला ऊन असं लागतच नाही. पोरगी जिला "खरी" म्हणते ती ही. आमची खोटी नाही, तिला बाहेर जगावं लागतं.

एवढी वकिली केल्यावर दुसरी बाजूही सांगते, नाहीतर चाचासुद्धा हसतील. उन्हाच्या नावावर सगळंच खपवता येत नाही. अननसाच्या इसेन्सचा तो डोक्यात जाणारा वास, हिरव्या-गुलाबी रंगाची जीभभर राहणारी छटा, याला मे महिना जबाबदार नाही. तिथं नुसती काटकसर आणि सवय आहे. डालड्याचं तर आणखी एक प्रकरण. वनस्पती तूप बनवताना होणाऱ्या ट्रान्स फॅटनं काळजाचं नुकसान होतं, म्हणून २०२२ च्या सुरुवातीपासून तेला-तुपात त्याचं प्रमाण २ टक्क्यांवर जाऊ नये असा नियम झाला. त्याआधी आम्ही सगळ्यांनी किती खाल्लं, त्याचा हिशेब कोण ठेवणार? लातुरात दिवाळीआधी आम्ही रवा, मैदा, पिठीसाखर आणि डालड्याचा डबा घेऊन नानकटाई भाजायला बेकरीत जायचो. भट्टीपुढं बायकांची रांग, प्रत्येकीचा पत्रा ओळखीचा. डालडा वितळून पत्र्याला लागायचा, त्यावर आम्ही बोटं फिरवायचो.

आणि लाल चेरी! तिचंही गुपित चाचांनीच फोडलं. केकवरची ती चेरी म्हणजे बहुधा आपलं करवंद: बी काढून, पाकात मुरवून, रंगवलेलं. टुटीफ्रुटी म्हणजे कच्ची पपई. मला यात फसवणूक काही वाटली नाही, उलट बरंच वाटलं. करवंद आमच्या बालाघाटातलं. चेरी खायला काश्मीर कशाला गाठायचं?

आत्याबाईंना जानेवारीत पंच्याहत्तर पूर्ण होतात. पोरगी म्हणाली, पुण्याहून केक आणते. मी चाचांना विचारलं. जानेवारीत नांदेडची रात्र चांगली थंड असते, तेव्हा जमेल का दुधाच्या मलईचं? चाचांनी जरा विचार केला. मलई कुठून आणायची हा त्यांचा प्रश्न नव्हता. पैसे किती होतील ते गिऱ्हाइकाला पचेल का, हा होता. मी म्हटलं, एकदाच आहे, होऊ द्या. त्यांनी आकडा सांगितला. तो ऐकून मला मॉलची पाटी आठवली. चार आण्यांचा फरक म्हणता येईल असा नव्हता, पण फार लांबही नव्हता.

घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं तर त्यांची आपली वेगळीच अट. मलई चालेल, पण अननस पाहिजे. आणि चॉकलेट नको, ते करपल्यासारखं लागतं.

"पुण्यातली ब्राउनी तर अख्खी संपवली की तुम्ही."

"नातीनं पैसे दिल्ते, टाकून कशी देऊ?"

दुसऱ्या दिवशी मी परत बेकरीत गेले. चाचांनी वहीत लिहून घेतलं: दोन किलो, एगलेस, असली मलई, पाइनॅपल, चेरी ज्यादा. मग पेन कानाला लावून म्हणाले, मलईचा माल आधी उचलावा लागेल, पाचशे ॲडव्हान्स ठेवून जा.