महालयातील एक पान

श्राद्ध हा शब्द श्रद्धेपासून आला, हे शाळेत व्युत्पत्ती शिकविताना मी कितीदा तरी सांगितले असेल. परंतु व्युत्पत्ती सांगणे निराळे आणि तिचा अर्थ स्वतःच्या घरात अनुभवास येणे निराळे. तो योग मजला साठी उलटून गेल्यावर आला, आणि तोही एका परदेशी मद्याच्या गोष्टीवरून आला. विषय आपल्यासारख्या घरांतून बोलण्याचा नाही, हे मी जाणतो. तथापि जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

गेल्या महालयात माझा पुतण्या रजेवर दिघोरीस आला होता. तो नोकरीनिमित्त मेक्सिको देशात, ग्वादालाहारा शहरी असतो. श्राद्धाची पाने वाढली जात होती. वडिलांस अळूची भाजी प्रिय म्हणून ती, आईस गव्हल्यांची खीर आवडे म्हणून तीही वाढली गेली. पुतण्या सहज म्हणाला, “काका, थोरल्या काकांच्या आवडीचे काय वाढले?” वाढणारे हात क्षणभर थबकले. कोणी उत्तर दिले नाही.

सायंकाळी ओसरीवर बसून त्याने तिकडची रीत सांगितली. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी मेक्सिकोतील घराघरांत मृतांचे स्वागत होते. पहिला दिवस बालकांचा, दुसरा मोठ्यांचा. स्पॅनिश लोकांनी 1521 मध्ये त्या देशाची राजधानी जिंकिली आणि पुढे ख्रिस्ती धर्म पसरला. तरी जुन्या लोकांचा पितृभाव नव्या धर्माच्या सणात मिसळून टिकून राहिला. घरात एक चौरंग मांडतात. त्यावर मृताचे छायाचित्र, मेणबत्त्या, पाणी, मीठ, एक विशिष्ट गोड पाव आणि झेंडूची फुले असतात. झेंडूच्या रंगाने व वासाने मृतांस घराची वाट सापडते, अशी त्यांची समजूत आहे. ज्या झेंडूवाचून आपला दसरा होत नाही, तो मूळचा त्याच देशाचा!

“आणि काका,” तो किंचित संकोचून म्हणाला, “माझ्या घरमालकीणबाई यजमानांच्या छायाचित्रापुढे तेकिलाचा पेला ठेवितात. त्यांना ती आवडत असे, एवढेच त्याचे कारण.”

हे मद्य कशाचे, असे मी विचारले. त्याने अंगणापलीकडील घायपाताच्या कुंपणाकडे बोट दाखविले. त्याच कुळातील एक निळसर जात तिकडे मैलोगणती शेतांतून लावितात. सातआठ वर्षे ती वाढू देतात. मग पाने छाटून अननसासारखा दिसणारा गड्डा काढितात, भाजितात, त्याचा रस आंबवितात आणि अर्क उतरवितात. उपाहारगृहांतून त्यात लिंबाचा रस व संत्र्याचे मद्य घालून, पेल्याच्या काठास मीठ लावून देतात; त्यास मार्गारिता म्हणतात. परंतु पितरांपुढे असे मिश्रण बहुधा नसते. ज्यास जे आवडे ते, जसे आवडे तसे ठेवितात.

त्या रात्री मला झोप आली नाही. आता थोरल्या बंधूंविषयी सांगितले पाहिजे.

दादा माझ्याहून दहा वर्षांनी वडील. अविवाहित. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते आणि रात्रभर नाटके होतात. दादा त्या नाटकांत पेटी वाजवीत. त्यांची बोटे सुरांवर फिरू लागली की पुढचा गलका आपोआप शांत होई. परंतु त्याच जागरणांत त्यांस मोहाच्या दारूची सवय लागली. एका मंडईच्या रात्री ते उशिरा, झोकांड्या खात परतले आणि दार ठोठावू लागले. मी तेव्हा नुकताच मास्तर झालो होतो. गावात दारूबंदीवर भाषणे करीत असे. मी दार उघडिले नाही. ते ओट्यावरच निजले. पुढल्या चैत्रात, मोहाची फुले गळत असता, यकृताच्या विकाराने ते गेले. ते साल 1984.

तेव्हापासून दरवर्षी महालयात त्यांच्या नावाने पिंड पडतो. परंतु ते नाव आम्ही केवळ संस्कृतात, गोत्रासह, घाईने उच्चारीत आलो. मराठीत घरात ते कोणी घेत नसे. आम्ही एका निर्दोष दादांचे श्राद्ध करीत होतो, आणि असे दादा तर कधी झालेच नव्हते.

आमच्या जिल्ह्यातील गोंड बांधव पूर्वजांस मोहाच्या दारूची धार भूमीवर सोडितात. तरुणपणी त्यास मी अडाणीपणा म्हणत असे. पुढे आश्वलायन गृह्यसूत्र वाचताना मी चमकलो: अन्वष्टक्य श्राद्धात स्त्री-पितरांस पिंडांसोबत सुरा व भाताची पेज द्यावी, असे तेथे विधान आहे. सौत्रामणी यागातही सुरेची आहुती होती; पुढे कलिवर्ज्यात ती निषिद्ध झाली. तो निषेध मला मान्य आहे. वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, ती कोणत्या दुःखातून आली हे या भागातील प्रत्येक घर जाणते. मद्याचे समर्थन मी करीत नाही. परंतु व्यसनाचा निषेध करिता करिता मी माणसाचाच निषेध केला, हे मजला त्या रात्री कळले.

सर्वपित्री अमावास्येस मी शेजारच्या घरून मूठभर वाळलेली मोहफुले आणिली. मधूक म्हणून संस्कृत कवींनी वर्णिलेले हेच ते फूल. दारू नव्हे, नुसती फुले दादांच्या पानावर ठेविली. पत्नीने एकवार माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता शेजारी खीर वाढिली. जेवणे झाल्यावर मुलांस जवळ बसवून दादा कोण होते ते सारे सांगितले. पेटीचे सांगितले, दारूचे सांगितले आणि न उघडलेल्या दाराचेही सांगितले. सांगताना स्वर दोनदा अडखळला. धाकट्या नातीने विचारिले, “मग ती पेटी कुठे आहे, आजोबा?”

ती माळ्यावर होती. भाता फाटला होता. तीन पट्ट्या तेवढ्या वाजल्या. मुले बराच वेळ त्याच वाजवीत बसली होती.

वाचकहो, बहुतेक प्रत्येक मोठ्या घरात असे एखादे नाव असते, जे पिंडापुरतेच घेतले जाते. येत्या महालयात त्या माणसाची एक खरी गोष्ट मुलांस सांगावी, इतकीच या म्हाताऱ्या मास्तराची विनंती आहे.