लाभांश मोजला, परतावा राहिला

लाभांश देणारा फंड म्हणजे सुरक्षित फंड, या समजुतीवर मी गुंतवणूक केली आणि आकडे समोर असूनही चुकीचे वाचले.

मी न्यू जर्सीत नोकरी करते. निवृत्तीनंतर नियमित उत्पन्न हवं म्हणून 2023च्या सुरुवातीला ‘श्वाब यू.एस. डिव्हिडंड इक्विटी ईटीएफ’ घ्यायला लागले. सलग किमान दहा वर्षं लाभांश दिलेल्या कंपन्यांमधून सुमारे शंभर कंपन्या निवडणाऱ्या निर्देशांकावर हा फंड चालतो. वार्षिक खर्च अवघा 0.06 टक्के. शिवाय 2022 साली एस अँड पी 500 हा निर्देशांक लाभांश धरूनही 18 टक्क्यांनी घसरला होता आणि हा फंड जेमतेम 3 टक्क्यांनी. तेवढ्यावर मी ‘स्थिर’ असा शेरा मारून मोकळी झाले.

तो त्या वर्षी का टिकला, हे मात्र तपासलं नाही. व्याजदर झपाट्याने चढत होते, महागडे टेक शेअर कोसळत होते आणि या फंडात तसले शेअर फारसे नव्हतेच. पुढच्या वर्षी वारं फिरलं. 2023मध्ये एस अँड पी 500 सुमारे 26 टक्के वाढला, हा फंड साडेचारच्या आसपास. तेजीत पुढे असलेल्या अ‍ॅमेझॉन, अल्फाबेट, मेटा यांपैकी तेव्हा कोणीच लाभांश देत नव्हतं, त्यामुळे त्यांना इथे प्रवेशच नव्हता. 2024मध्येही फंडाचे 12 टक्के आणि एस अँड पी 500चे 25, अशी तफावत राहिली. फंडाने आपलं काम चोख केलं होतं. दहा वर्षांची अट मी वाचली होती, पण ती पाळण्यासाठी काय सोडावं लागेल याचा हिशेब केला नव्हता.

दुसरी चूक हावरटपणाची. तिमाही लाभांश पदरात पडावा म्हणून एक्स-डिव्हिडंड तारखेच्या, म्हणजे ज्या दिवसापासून नव्या खरेदीदाराला तो लाभांश मिळत नाही त्या तारखेच्या, आदल्या दिवशी मोठी खरेदी केली. त्या तारखेला भाव साधारण लाभांशाइतकाच खाली येतो, हे ठाऊक असायला हवं होतं. माझेच पैसे एका खिशातून दुसऱ्या खिशात गेले आणि वर त्यावर कर भरावा लागला.

तिसरी तर हास्यास्पद. ऑक्टोबर 2024मध्ये फंडाने एका शेअरचे तीन केले, त्यामुळे भाव एक तृतीयांशावर आला. माझ्या एक्सेलमध्ये भाव नवा आणि लाभांश जुना राहिला. साडेतीन टक्क्यांच्या आसपासचं यील्ड, म्हणजे भावाच्या तुलनेत वर्षाचा लाभांश, दहाच्या घरात दिसलं आणि मी खुशीत आणखी खरेदी करायला निघाले. भावाचा आलेख उघडला तेव्हा कुठे घोळ कळला.

फंड मी विकलेला नाही. निवृत्तीच्या जवळ आलेल्या माझ्यासारखीला त्याचा उपयोग आहे, पण सगळी पुंजी त्यात ठेवण्याइतका नाही. तुम्ही असा फंड पाहत असाल, तर आधी लाभांश पुन्हा गुंतवल्याचं धरून एकूण परतावा काढा. त्यात एक तरी पडझडीचं आणि एक तरी तेजीचं वर्ष येऊ द्या. मग कर वजा करा आणि साध्या निर्देशांक फंडाशेजारी तो आकडा ठेवा. यील्ड सगळ्यात शेवटी बघा.