केजचा रस्ता आणि रस्त्यावरची माणसे

गेल्या फाल्गुनात अंबाजोगाईहून कुंथलगिरीच्या दर्शनास निघालो असता वाटेत केजला थांबलो. सुमारे 35 वर्षांपूर्वी बँकेच्या नोकरीत माझी येथे बदली झाली होती. तेव्हाचा एस.टी.चा प्रवास म्हणजे धूळ, खड्डे आणि हाडांचा हिशेब. आता मांजरसुंब्याकडून लातूरकडे जाणारा 548-डी आणि कळंबकडून धारूर-माजलगावकडे जाणारा 548-सी, असे दोन राष्ट्रीय महामार्ग या गावात एकमेकांना भेटतात. बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्यांची पाती फिरताना दिसतात. एका पिढीत झालेला हा पालट पाहून मन प्रसन्न झाले, हे आधी नमूद केले पाहिजे.

गावाबाहेर एका लहान पुलाचे काम चालू होते. ताज्या काँक्रीटवर गोणपाट अंथरून एक बाई त्यावर पाणी मारीत होती. शेजारी ताडपत्रीच्या चार खोपी आणि साडीच्या झोळीत निजलेले मूल. बाई याच तालुक्यातील. पूर्वी नवऱ्याबरोबर उचल घेऊन ऊसतोडीला जात असे; आता मुकादम नेईल त्या रस्त्यावर जाते. टँकर पुलासाठी आला होता. पिण्याच्या पाण्याचे काय, असे विचारले तेव्हा ती सहज म्हणाली, ‘‘काका, काँक्रीटला येळेवर पाणी लागतंय, नाही तर तडा जातो. आमचं मागून बी चालतं.’’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते वाक्य माझ्या मनातून जाईना.

याच तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. 2016 मध्ये ते कोरडे पडले आणि लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा मुलखात पाणी आधी कोणाला, हा प्रश्न लहान नव्हे. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातले रस्ते खडी फोडणाऱ्या हातांनी घडवले. त्या कामांवरच्या बायाबापड्या आणि त्यांना मिळणारी सुकडी मी बालपणी पाहिली आहे. तेव्हा कामाचा हेतू माणूस जगवणे हा होता, रस्ता हे त्याचे फळ. आज रस्ता हा हेतू झाला आणि माणूस खर्चाच्या बाजूला गेला. समृद्धी महामार्गाचे काम चालू असताना 2023 च्या जुलैअखेरच्या रात्री शहापूरजवळ सरळांबे येथे तुळया बसवणारे यंत्र कोसळून 20 जण गेले. त्या मार्गावरून वेगाने जाताना आपल्यापैकी किती जणांना त्यांची आठवण होते?

कायदा नाही असे नाही. बांधकाम कामगारांसाठी संसदेने 1996 मध्ये कायदा केला, बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर बसवला. महाराष्ट्रात 2011 मध्ये कल्याणकारी मंडळही स्थापन झाले. परंतु नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. जो दर दोन महिन्यांनी तळ हलवतो, त्याला तो कोणी द्यावा?

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्यापूर्वी माझी एक जुनी नोंद उघडतो. केजच्या शाखेत एका दुपारी खडीच्या कामावरचा एक मजूर बचत खाते उघडायला आला. फेट्याच्या पदरात चुरगळलेल्या नोटा बांधलेल्या होत्या. त्या काळी जुन्या खातेदाराची ओळख-सही लागे. पत्ता विचारला तर म्हणाला, ‘‘काम असंल तिथं.’’ मी नियम सांगून त्याला परत पाठवले. त्याच दिवशी त्याच रस्त्याच्या ठेकेदाराच्या ओव्हरड्राफ्टच्या प्रस्तावावर मी अनुकूल शिफारस लिहिली. कागद दोन्ही ठिकाणी चोख होते. मजुरासाठी ओळखदार शोधून देणे मला अशक्य नव्हते. मला ते सुचले नाही, इतकेच.

आपल्या आचार्यांनी अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांची गणना केली आहे. आश्रित जिवावर शक्तीबाहेर भार लादणे आणि त्याला वेळेवर अन्नपाणी न देणे, हा व्रताला लागणारा दोष. आपण हे बैलापुरते समजून घेतो. पुलावरची ती बाई त्यातून का वगळावी?

आपला समाज मंदिरे, स्थानके, धर्मशाळा बांधतो. पाणी गाळून पिणाऱ्या आपण बांधकामावर इतके तरी पाहावे: मजुरांना सावली आणि पिण्याचे पाणी आधी, मुलांसाठी एखादी सुरक्षित खोली, आणि काम संपताना प्रत्येकाच्या हाती दिवसांचा दाखला. हा खर्च कळसाच्या खर्चापुढे नगण्य आहे.

संध्याकाळी कुंथलगिरीस पोहोचलो. 1955 मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली ते हे क्षेत्र. मूर्तीसमोर हात जोडले तेव्हा तो फेटेवाला डोळ्यांपुढे आला. दरवर्षी क्षमापनेच्या दिवशी मी आप्तस्नेह्यांना पत्रे लिहितो. त्याला लिहायचे राहून गेले आहे आणि त्याचा पत्ता माझ्याकडे नाही. तो मी त्याच वेळी नाकारला होता.